माळ्यावरची ऊब

१४ ऑक्टोबर

आले एकदाची! सामान आत, मी आत, आणि कॉफी उकळतेय. समोरच्या घरातला टौनो, ओळख ना पाळख, स्वतःचा ट्रक घेऊन सकाळीच दारात हजर झाला आणि दिवसभर खेपा घालत राहिला. त्याची बायको लेम्पी दुपारी पास्ट्या, मांस-बटाटा भरून भाजलेल्या करंज्या, घेऊन आली. पास्टीत सलगम होतं, गाजराचा तुकडाही नव्हता. खऱ्या पास्टीत गाजर नसतं, म्हणजे बाई सरळ आहे, जमेल आमचं. सोबत वेलदोड्याचा पाव, तो मी एकटीनेच अर्धा संपवला.

घर लहान आहे, पण सगळं एका मजल्यावर. मला तेच हवं होतं. वाइनो, माझा धाकटा भाऊ, त्याचं डावं अंग झटक्यात गेलं तेव्हापासून काउंटीच्या आजारी-म्हाताऱ्यांच्या होममध्ये पडून आहे. दर रविवारी मी गेले की जड जिभेनं एकच विचारतो, ताई, कधी? शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या बाईच्या खिशात जेवढं असतं तेवढं सगळं घालून मी हे घर घेतलं ते त्याच्यासाठी. होमच्या नर्सबाईंनी स्पष्ट सांगितलंय. त्याला स्वतंत्र खोली हवी आणि ती हिवाळाभर उबदार हवी. थेट येऊन बघणार. खोली गार सापडली तर त्याला परत नेणार.

खोली आहे, मागची. पण तिच्यात आत्ता आढ्यापर्यंत सामान भरलंय. माझा संसार, वाइनोचा संसार, आणि माझ्या नवऱ्याची माशांची जाळी, जी तो गेल्यावरही टाकवत नाहीत. सगळं माळ्यावर चढवायचं. माळ्याला अंथरूण-पांघरूण म्हणून काही नाही, नुसत्या तुळया, त्यांच्यावर सैल टाकलेल्या फळ्या आणि वर छपराचे पत्रे. त्यात गंमत बघा, आतल्या बोळाच्या छताला माळ्यावर जायचं चौकोनी भोक आहे, बिजागऱ्या आहेत, पण झाकणच नाही! घर तापवायच्या भट्टीची सगळी ऊब सरळ वर.

टौनो पोट धरून हसला. म्हणाला, आधीची म्हातारी तिल्दा आभाळ तापवायची. गावात सगळ्यांची छपरं पांढरी आणि हिचं एकटीचं, खालच्या उबेनं बर्फ वितळून, उघडं बोडकं, कावळे येऊन पाय शेकायचे. इथे माणसाची अक्कल त्याच्या छपरावरच्या बर्फावरून मोजतात, हे मला सांगायला नको. म्हटलं, यंदा बघच माझं छप्पर.

१७ ऑक्टोबर

माळा झाडला. वाटलं होतं उंदीर, कोळिष्टकं, खारींची घरटी. काही नाही. एक खार नाही, एक माशी मेलेली नाही. धूळ मात्र बोटभर. फक्त धुराड्याच्या डाव्या अंगाला, मागच्या खोलीच्या बरोबर वर, फळ्या स्वच्छ आहेत, नुसत्या स्वच्छ नाहीत तर गुळगुळीत. माणूस आडवा होईल एवढी जागा. तिल्दा तिथे काहीतरी ठेवत असावी. तेवढी जागा झाडावी लागली नाही, बरंच झालं.

२१ ऑक्टोबर

टौनोकडे सौनाला, वाफेच्या अंघोळीला, गेले होते. लेम्पीने माझी पाठ बर्चच्या डहाळ्यांनी अशी झोडपली की जन्माचा शीण उतरला. शेवटी टौनोने तापल्या दगडांवर पाण्याचं आणखी एक भांडं ओतलं आणि आम्ही दार लावून बाहेर आलो. ती शेवटची वाफ न दिसणाऱ्याची. आमच्याकडेही आजोबा हेच करायचे. मी लहानपणी विचारलं होतं की न दिसणारा म्हणजे कोण, तर थोबाडीत बसली होती.

कॉफी पिताना मी माळ्याचा बेत सांगितला, तळ कसा बांधणार, झाकण कसं करणार. टौनो खूश झाला. लेम्पी मध्येच कप विसळायला उठली. थकली असेल.

३ नोव्हेंबर

हातांना नुसती खाज. ऊब अडवणाऱ्या ग्लासवूलच्या, म्हणजे काचेच्या लोकरीच्या, गुलाबी गाद्या दिसतात मऊ, पण कातडीत शिरल्या की रात्रंदिवस आठवण देतात. मास्क, चष्मा, नवऱ्याचा जुना डगला घालून आरशात बघितलं, तर पोलिसांना बोलवावं अशी दिसत होते.

काम मात्र देखणं चाललंय. आधी फटी. विजेच्या तारा जिथून वर येतात ती भोकं, भिंतींचे माथे, धुराड्याभोवतीची जागा, सगळं बुजवलं. धुराड्याला पत्र्याची कॉलर, कारण तिथे जळणारं काही चालत नाही. मग खालच्या अंगाला प्लॅस्टिकचा कागद, त्यावर तुळयांच्या मध्ये गाद्या, त्यांच्यावर आडव्या दुसऱ्या गाद्या. वळचणीपाशी वारा खेळायला जागा सोडली. छप्पर गार राहायला हवं आणि घर गरम, मध्ये ये-जा नको. सगळी विद्या एवढीच आहे. लोक माळा गरम करायला जातात तिथे फसतात. माळा गारच राहू द्यायचा, सामानाला काही थंडी वाजत नाही.

आता वर पट्ट्या ठोकून प्लायवूड टाकलं की झालं. त्या गुळगुळीत फळ्याही उचटल्या. खालून त्या कोमट लागल्या, पण मागच्या खोलीत हीटर चालू होता.

१० नोव्हेंबर

झाकण बसवलं. जाड प्लायवूड, पाठीला ग्लासवूल, कडेनं रबराची पट्टी आणि खालून दोन कड्या. टौनोने उदबत्ती लावल्यासारखी काडी पेटवून कडेकडेनं फिरवली, धूर तसूभर हलला नाही. म्हणाला, बाई, यातून आत्माही जायचा नाही. मी म्हटलं, गेला तर भाडं घेईन.

सामान वर गेलं. मागची खोली रिकामी, तिला पिवळा रंग दिला. भट्टी आता अधूनमधूनच सुरू होते. मी स्वयंपाकघरात नुसत्या ब्लाउजवर बसलेय आणि बाहेर पाणी गोठतंय. इतकं समाधान मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

१९ नोव्हेंबर

वाइनो घरी आला. नर्सबाईंनी खोलीत हात फिरवून पाहिला, खिडकीपाशी, जमिनीपाशी, आणि म्हणाल्या, आमच्या होमपेक्षा बरी. चाकांचा पलंगही त्यांनीच दिला. महिन्याभरात पुन्हा येऊन बघणार आहेत.

वाइनो रडला. मग मीही रडले. मग तो म्हणाला, ताई, रडून झालं असेल तर वाटाण्याचं सूप कर. तिथलं सूप म्हणे भांडी धुतलेल्या पाण्याचं असतं.

बर्फ दोन दिवस पडतोय. माझं छप्पर गावात सगळ्यात पांढरं आहे. टौनो रस्त्यावर उभा राहून टोपी काढून वाकला, नाटकी मेला.

२९ नोव्हेंबर

नाताळचं सामान काढायला वर गेले. छपरातून खाली उतरलेल्या खिळ्यांच्या टोकांवर दंव गोठलंय. नवीन नाही हे. खालची ओली हवा वर शिरली की खिळ्यांवर गोठते, म्हणजे कुठेतरी फट राहिलीय. पण तसं असतं तर सगळीकडे असायला हवं. हे फक्त एकाच जागी आहे, धुराड्याच्या डाव्या अंगाला. बाकीचे खिळे कोरडे आणि तिथले पांढरे, दाट, केसाळ.

तिथलं प्लायवूड काढून, गादी उचलून खाली पाहिलं. फट नाही. काडी पेटवून धरली. धूर हलला नाही. दंव फडक्यानं पुसलं आणि खाली आले. टौनोला विचारलं, तर तो म्हणाला, एवढं दंव म्हणजे कुणीतरी तिथे बसून श्वास सोडत असणार, रॅकून शिरला असेल, सापळा लाव.

६ डिसेंबर

सापळा रिकामा. आतला मासा तसाच.

पण खोकी सरकलीत. मी धुराड्याला लागून रचली होती, ती भिंतीकडे गेलीत, आणि मध्ये पुन्हा ती आडवी जागा मोकळी. जाळ्यांच्या खोक्यातून नवऱ्याची रजई बाहेर आलीय. रॅकून रजई पसरतो का? खिळ्यांवर पुन्हा तेवढंच दंव.

संध्याकाळी टौनोने रस्त्यावरूनच हाक मारली आणि बोटानं छपराकडे दाखवलं. मागच्या खोलीच्या वर बर्फ वितळून काळा पत्रा दिसतोय. लांबट डाग. टौनो म्हणाला, पाहुणा ठेवलायस का गं वर, आम्हाला न सांगता? गल्लीतले सगळे हसले. मला राग आला, कामाच्या अपमानाचा. उद्या तिथे तिसरा थर टाकते.

१३ डिसेंबर

डाग गेला. तिसऱ्या थरानं काम केलं, छप्पर पुन्हा अखंड पांढरं. टौनोला खिडकीतून दाखवलं.

आणि दुसरी बातमी. वाइनोला डाव्या हातात जाणवलं! सकाळी पांघरूण सारखं करत होते तर म्हणाला, ताई, डावा हात गार पडलाय. मी म्हटलं कुठला? म्हणाला, डावा, डावा. मी बोट लावलं, त्याला कळलं. दोन वर्षं तो हात लाकडाचा होता. नर्सबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, गार का होईना, जाणवणं ही चांगली खूण आहे. मी पॅनकेक केले. आम्ही दोघांनी मुरंबा लावून खाल्ले, आणि त्याने उजव्या हातानं डावा हात चोळत चोळत कितीतरी दिवसांनी गाणं म्हटलं.

१६ डिसेंबर

गारठा खांद्यापर्यंत चढलाय. आता पायातही.

तो म्हणतो, आतून गार नाही गं, शेजारून गार. गार भिंतीला टेकल्यासारखं. पण डाव्या बाजूला भिंत नाहीच, खोली आहे मोकळी.

मागच्या खोलीत ऊब टिकत नाही. भट्टी अखंड चालू आहे, हीटर लावलाय, आणि दारातून आत पाऊल टाकलं की अंगावर काटा येतो. वर खिळ्यांवरचं दंव कमी झालंय, म्हणजे माझं काम चोख आहे. मग ऊब जाते कुठे?

झाकणाची एक कडी निघालेली होती. मी पुन्हा घातली. वर स्क्रू मारला.

नर्सबाई सोमवारी येणार. त्यांना गार खोली दिसता कामा नये.

१९ डिसेंबर

लेम्पी आली होती. वाइनोला बघून खोलीच्या दारातच थांबली. मग स्वयंपाकघरात येऊन खुर्चीत बसली आणि कॉफीला हातही न लावता म्हणाली, सायमा, झाकण काढून टाक.

तिने सांगितलं ते लिहून ठेवते. तिल्दाचा नवरा काटकसरी होता. एका उन्हाळ्यात त्याने माळ्यावर लाकडाचा भुसा भरला आणि घट्ट झाकण केलं, माझ्यासारखंच. त्याच हिवाळ्यात तो अंथरुणात गेला. भट्टी चालू होती, अंगावर दोन रजया होत्या, आणि देह सरोवरातून काढल्यासारखा थिजलेला. डॉक्टरांनी हृदय म्हणून लिहिलं. तिल्दाने झाकण सौनाच्या भट्टीत जाळलं, भुसा बादल्यांनी खाली उतरवला, आणि मरेपर्यंत ते भोक उघडं ठेवलं. लेम्पीला ती म्हणायची, वर जो आहे त्याला आपलं काही नको असतं, आपल्याला लागून उरलेली ऊब तेवढी हवी. ती वर पोचली की तो वरच राहतो. बंद केलीत तर खाली येऊन घेतो.

मी विचारलं, मग आधी का नाही बोललीस? लेम्पी रडायला लागली. म्हणाली, तू हसली असतीस गं. आम्हीही तिला हसायचो.

मी तिच्यावर चिडले. आजारी माणसाच्या घरात असलं बोलतात का, म्हटलं. ती निघून गेली. मला भीती वाटते आहे म्हणून चिडले.

२० डिसेंबर

वाइनोचे डावे ओठ निळे.

फोनपर्यंत गेले दोनदा. नर्सबाईंना सांगितलं तर आजच नेतील. त्याला विचारलं. म्हणाला, होममध्ये नको ताई, गोठलो तरी चालेल, इथेच.

त्याने असं म्हणायला नको होतं. मी ऐकायला नको होतं.

२१ डिसेंबर, दुपार

स्क्रू काढला. कड्या काढल्या. झाकण उपसून बर्फात फेकलं. प्लायवूड उचटलं, ग्लासवूल हातानं ओढून काढलं, हातमोजे नाहीत, मास्क नाही, धुराड्याच्या डाव्या अंगाचं सगळं, खालच्या छतापर्यंत. घे म्हटलं. ही घे तुझी ऊब, सगळी घे, आता खाली येऊ नकोस.

मग वर बघितलं.

खिळे कोरडे. एकाही टोकावर दंव नाही. रजई घडी घालून ठेवलेली.

वर कुणी नाही.

किती दिवस झाले वर कुणी नाही —

२१ डिसेंबर, संध्याकाळ

नर्सबाईंना फोन केला. सगळं नाही सांगितलं, थंडी वाजतेय एवढंच. रुग्णवाहिका निघत नाही म्हणाल्या, सरोवरावरून वादळ आलंय, रस्ते बंद. पहाटेपर्यंत थांबा.

वाइनोभोवती गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या. उजव्या बाजूच्या गरम आहेत. डाव्या बाजूच्या, लावून मी वळते तोवर, आत बर्फाचे खडे वाजतात.

पलंग ढकलत स्वयंपाकघरात आणला, ओव्हनचं दार उघडं ठेवून त्याच्यासमोर. माझ्या तोंडातून वाफ निघतेय. वाइनोच्या तोंडातून निघतेय, बारीक. आणि उशीच्या डाव्या अर्ध्या भागावरून, जिथे कुणी नाही, तिथूनही. संथ. दांडगी.

पलंगाबरोबर तेही आलं.

२२ डिसेंबर, सकाळ

समोरचं घर दिसत नाही. नुसतं पांढरं.

टौनोला फोन लागला. म्हणाला, बर्फाचा नांगर गावाबाहेर अडकलाय, पण मी फावडं घेऊन निघतो, दोरी बांधून येतो, तू फक्त त्याला गरम ठेव. मी म्हटलं, टौनो, ते इथे आहे. तो हसला नाही. म्हणाला, लेम्पीनं सांगितलंय मला, बाई. उबेसाठी त्याला ताटकळत ठेवू नकोस.

वाइनो बोलत नाही. डोळे उघडे. मला बघतोय.

त्याची वाफ दिसेनाशी होतेय. शेजारची दाट होतेय.

नंतर

कळलं. ते आता जागचं हलत नाही. शेजारी जो असेल त्याचं घेतं, एवढंच. त्याला वाइनो हवा असं नाही —

ऊब हवी आहे. माझ्यातही आहे.

आडवी झालेय. वाइनोच्या डाव्या बाजूला, त्याच्या आणि त्या वाफेच्या मध्ये. रजई आमच्या दोघांवर. पाठीला लागतंय — बाई गं —

वही वाइनोच्या छातीवर ठेवून लिहितेय. अजून हलतेय छाती. जोरात हलतेय आता.

त्याचे ओठ लाल होताहेत. म्हणाला, ताई, सरक. नाही सरकत. लहानपणी एका पांघरुणात कोण कडेला झोपणार यावरून भांडायचो आम्ही, जिंकायचा नेहमी तोच.

पाय नाहीत मला. आहेत, पण नाहीत.

दाराशी फावडं वाजतंय. टौनो. दार ढकल, उघडं आहे — हाक मारते, आवाज नाही, वाफही नाही —

टौनो, वही वाच आधी. वाइनोला उचल, उजव्या बाजूनं, आणि पळ. मला हलवू नकोस. मी मधून निघाले तर ते त्याच्या